३० हजारांच्या आत लॅपटॉप: नवा घ्यावा की जुना तपासून घ्यावा

पीयूचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की घरात लॅपटॉपचा विषय निघतो आणि बहुतेक घरांत आकडाही ठरलेला असतो: २५, फार तर ३० हजार. या पैशात दोन प्रकारची वस्तू मिळते. एक, खोक्यातला कोरा लॅपटॉप, ज्याची सगळी चमक वरच्या झाकणावर असते. दुसरा, कुठल्या तरी कंपनीच्या ऑफिसात तीन-चार वर्षं चाललेला, काळा, जाडसर, दिसायला म्हातारा. आमचं मत सरळ आहे. ३० हजारांची मर्यादा खरोखर मोडता येत नसेल तर दुसरा घ्या, पण काउंटरवर दीड-दोन तास उभं राहून तपासायची तयारी असेल तरच. तेवढा धीर नसेल तर थोडे पैसे वाढवून नवा घ्या. न तपासता जुना घेणं किंवा बाजारातला सगळ्यात स्वस्त नवा घेणं, या दोन्ही वाटांनी पैसे बुडतात.

आधी काम ठरवा

बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी वर्ड, एक्सेल, ऑनलाइन वर्ग आणि टॅली एवढं चाललं तरी पुरे. टॅली हलकं आहे, पण त्याला विंडोज लागतं. म्हणून विंडोज नसलेलं क्रोमबुक स्वस्त दिसलं तरी बीकॉमवाल्यांनी तिकडे बघू नये. व्हीटीयूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या, कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्यांनी १६ जीबी रॅम डोळ्यासमोर ठेवावी किंवा निदान पुढे वाढवता येईल असा घ्यावा. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांची गोष्ट वेगळी. साधी ऑटोकॅडची ड्रॉइंग या बजेटमध्ये निघतात, थ्री-डी मॉडेलची मोठी असेंब्ली मात्र रडवते. अशांनी पहिलं वर्ष कॉलेजच्या लॅबवर काढावं आणि तिसऱ्या सेमिस्टरला नीट पैसे जमवून मशीन घ्यावं, हे जास्त शहाणपणाचं.

प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

दुकानात "आय५ आहे" एवढंच सांगतात. ते अर्धं नाव झालं. इंटेलच्या या पद्धतीत आय३, आय५, आय७ नंतर येणाऱ्या आकड्याचे पहिले एक किंवा दोन अंक म्हणजे पिढी. आय५-७२००यू सातव्या पिढीचा, आय५-८२५०यू आठव्या, आय५-१०२१०यू दहाव्या, आय५-११३५जी७ अकराव्या. सातव्या आणि आठव्या पिढीत एकाच आकड्याचं अंतर वाटतं, पण ७२००यूला कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोन आहेत आणि ८२५०यूला चार. शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढची अट ठेवली आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सातव्या पिढीचा आय७ आठव्या पिढीच्या आय५ पेक्षा भारी, हा युक्तिवाद कानाआड करा. त्या आय७-७५००यूलाही कोअर दोनच. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर पळवाटेनं विंडोज ११ टाकून विकतात. ते सुरू होतं, चालतंही, पण पुढची मोठी अपडेट येतील याची खात्री कुणी देत नाही.

जुन्यात आठवी पिढी ही खालची रेघ. मिळत असेल तर दहावी-अकरावी घ्या. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये ३५००यू पासून पुढचं बघा.

नव्यात रायझनची ७००० मालिका जपून वाचावी लागते. चार अंकांतला तिसरा अंक आतल्या रचनेचं वय सांगतो: २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. म्हणजे रायझन ५ ७५२०यू हे नाव नवं, पण आतली झेन २ रचना २०१९ सालची आणि कोअर चार. उलट ५००० मालिकेतला रायझन ५ ५६२५यू नावानं जुना वाटतो, पण त्याला झेन ३ चे सहा कोअर आहेत. आकडा मोठा म्हणून मशीन मोठं, असं इथे चालत नाही.

सेलेरॉन एन४०२० आणि एन४५०० हे दोन कोअरचे प्रोसेसर स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये असतात. क्रोममध्ये आठ टॅब आणि एक ऑनलाइन वर्ग एकदम उघडला की त्यांची दमछाक होते. नव्यात निदान आय३-१२१५यू पर्यंत यावं. त्यात दोन मोठे आणि चार छोटे असे सहा कोअर आहेत.

रॅम, डिस्क, स्क्रीन

४ जीबी रॅम घेऊ नका, मग दुकानदार काहीही म्हणो. ८ जीबी किमान. रॅम किती आहे याइतकाच महत्त्वाचा प्रश्न ती वाढवता येते का हा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. दोनपैकी एक स्लॉट वापरात असं दिसलं तर उत्तम. दुसरी पट्टी नंतर बसेल. फॉर्म फॅक्टरपुढे "रो ऑफ चिप्स" असं आलं तर रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली आहे. पट्टी आणताना डीडीआर४ की डीडीआर५ ते आधी बघा. एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही.

डिस्क एसएसडीच हवी, २५६ जीबीपासून पुढे. विंडोजमध्ये २५६ ची डिस्क २३८ आणि ५१२ ची ४७६ च्या आसपास दिसते. ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, दुकानदारानं कापलेली नाही. ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असेल तर सोडून द्या: ती हळू असते, सोल्डर केलेली असते आणि ६४ जीबीची तर दोन-तीन विंडोज अपडेटमध्येच भरून जाते.

स्क्रीन १९२० बाय १०८० ची आणि आयपीएस, म्हणजे बाजूनं बघितलं तरी रंग न बदलणारी, घ्या. ओळखायची युक्ती: लॅपटॉपसमोरून उठून बाजूला उभे राहा, मग खाली वाकून बघा. रंग उलटे-पांढुरके झाले तर ती हलकी, टीएन प्रकारची स्क्रीन.

नवा घेणार असाल तर

इथे फार सांगण्यासारखं नाही. "डॉस" लिहिलेला लॅपटॉप दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसतो, कारण त्यात विंडोज नसतं. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच नावाखाली कंपन्या चार प्रकारचे प्रोसेसर आणि दोन प्रकारच्या स्क्रीन विकतात. सोबत ऑफिस मिळत असेल तर पहिल्याच आठवड्यात ते आपल्या ईमेलवर चालू करून घ्या, त्याला मुदत असते. विनाव्याज हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी बँक लावते. तो आकडा आधी विचारा.

वॉरंटीत "ऑनसाइट" म्हणजे माणूस घरी येणार, "कॅरी-इन" म्हणजे आपण घेऊन जायचं. घेण्याआधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाका, बेळगाव शहराचा ५९०००१ नव्हे, जिथे लॅपटॉप राहणार तिथला. खानापूरचा ५९१३०२ किंवा निपाणीचा ५९१२३७ टाकल्यावर काय उत्तर येतं ते महत्त्वाचं.

जुना कुठून घ्यायचा

जिथे परत जाऊन भांडता येईल तिथून. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, म्हणून त्यानं तिकडे घेतला तर योग्यच. खानापूर, नंदगडच्या माणसानं मात्र हजार-दोन हजार वाचवायला पुणे किंवा बेंगळुरू गाठू नये. चार्जिंगचा पोर्ट ढिला निघाला तर तेवढे पैसे एका फेरीत जातात.

ऑफिसात चाललेले म्हणजे लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक आणि प्रोबुक. हे घरगुती मॉडेलपेक्षा मजबूत असतात, त्यांची बिजागरी, कीबोर्ड, बॅटरी, पंखा सुटा मिळतो आणि खालचं झाकण साध्या स्क्रू ड्रायव्हरनं उघडतं. त्याच किमतीचा जुना घरगुती लॅपटॉप घेऊ नका. त्यांच्या बिजागरीजवळचं प्लास्टिक आधी तुटतं.

बिल पक्कं हवं. त्यावर सिरीयल नंबर आणि दुकानाचा १५ अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक असावा. तो क्रमांक कर्नाटकातल्या दुकानाचा असेल तर २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं. बेळगावात दुकान आणि बिलावर २७ दिसलं तर वस्तू प्रत्यक्ष कोण विकतंय हे विचारा, कारण वॉरंटीही तोच देणार. वॉरंटी किती महिन्यांची आणि बॅटरी-चार्जर त्यात धरलेत की नाही, हे बिलावरच लिहून घ्या. बिनबिलाचा लॅपटॉप कितीही स्वस्त असो, तो चोरीचा निघाला तर पोलीस शेवटच्या माणसाकडे येतात.

काउंटरवरची तपासणी

सोबत न्या: पेनड्राइव्ह, वायरचा इअरफोन आणि भरपूर डेटा असलेला मोबाइल. गर्दीच्या संध्याकाळी जाऊ नका, सकाळी जा. "काय होत नाही ओ, घेऊन जावा बिनधास्त" असं म्हणतील. पाव किलो कुंदा घेतानाही आपण हातावर चव मागतो. इथे तर २५ हजार जाणार आहेत.

सुरुवात बंद लॅपटॉपपासून. झाकण मिटून तो काउंटरच्या काचेवर ठेवा आणि चारही कोपरे एकेका बोटानं दाबा. खुर्चीसारखा डुलला तर तळ वाकलेला आहे किंवा आत बॅटरी फुगली आहे. टचपॅड मधूनच वर आलेला, क्लिक करताना दगडासारखा कडक लागत असेल तर बॅटरीच. फुगलेली बॅटरी बदलल्याशिवाय तो लॅपटॉप हातातही घेऊ नका. मग झाकण सावकाश उघडा. करकर आवाज, बिजागरीजवळ फट, स्क्रूंची डोकी झिजलेली किंवा एखादा स्क्रू गायब, यातून तो किती वेळा उघडलाय ते कळतं.

लॅपटॉप थंड असतानाच सुरू करा. आधीपासून चालू ठेवलेला दाखवत असतील तर बंद करायला सांगा. सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जायचं: डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. तिथे पासवर्ड मागितला तर विषय संपला. तो काढणं दुकानदारालाही सहसा जमत नाही. आत गेल्यावर सिरीयल नंबर बघा आणि खालच्या स्टिकरशी जुळवा. जुळत नसेल किंवा रिकामा असेल तर मदरबोर्ड बदललेला आहे. डेल लॅटिट्यूडमध्ये इथेच बॅटरीची तब्येतही लिहिलेली असते.

विंडोज सुरू झालं की बॅटरीचा अहवाल काढा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून टर्मिनल उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत पॉवर हा शब्द आणि त्याला जोडूनच सी, एफ, जी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट हा एकच शब्द, एंटर. फाइल कुठे साठवली ते तिथेच दिसतं, ती उघडा. त्यात "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी" असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ४१,००० असेल तर बॅटरी ८२ टक्के शिल्लक. ७० च्या खाली असेल तर नवी बसवून मागा किंवा तेवढे पैसे तोडा. पाच वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि चार्जिंगच्या सायकल शून्य दिसल्या तर खूश होऊ नका. एक तर बॅटरी नुकतीच बदलली आहे, नाही तर नकली बॅटरीची चिप खोटं बोलतेय. कुठल्या कंपनीची टाकली ते विचारा आणि चार्जर काढून अर्धा तास चालवून किती टक्के उतरते ते बघा.

डिस्कची तब्येत सेटिंग्जमध्येच दिसते: सिस्टिम, स्टोरेज, ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स, मग त्या डिस्कचे प्रॉपर्टीज. एनव्हीएमई प्रकारची (वेगवान) एसएसडी असेल तर उरलेलं आयुष्य टक्क्यांत येतं.

नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबा, एकही सोडू नका. ३ च्या वर पौंडाचं चिन्ह असेल तर तो ब्रिटिश कीबोर्ड, बाहेरून आलेला माल. एंटरचं बटणही वेगळ्या आकाराचं असतं. चालतो, पण भाव करायला कारण मिळतं. तेच पांढरं नोटपॅड पूर्ण स्क्रीनवर, उजेड पूर्ण वाढवून बघा: कोपऱ्यात पिवळेपणा, मध्ये दाबल्याचे ढगाळ डाग. मग स्क्रीन पुढे-मागे हलवा. हलवताना चित्र थरथरलं तर बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल झिजली आहे.

पेनड्राइव्ह प्रत्येक यूएसबीत घालून एक फाइल कॉपी करा. इअरफोन, कॅमेरा, माइक बघा. एचडीएमआय दुकानातल्या टीव्हीला जोडा. चार्जर लावून पिन हलकेच हलवा, चार्जिंगचं चिन्ह येत-जात असेल तर पोर्ट ढिला आहे. चार्जरवरचे वॅट वाचा, ४५ की ६५. डेलला चार्जर ओळखता आला नाही तर सुरू होताना तशी सूचना येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम हळू चालतो. "लॅपटॉप स्लो आहे" या तक्रारीमागे कधी कधी नुसता ५०० रुपयांचा चार्जर असतो.

आता यूट्यूबवर तीन-चार व्हिडिओ एकदम लावा आणि पंधरा मिनिटं तसंच सोडा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग बघत राहा. पंखा ओरडतोय आणि वेग १ गिगाहर्ट्झच्या खाली जाऊन बसतोय, म्हणजे आत धूळ भरली आहे किंवा प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळली आहे. ती साफ करून मागता येते, आणि दुकानदार सहसा करून देतात.

शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तीच नंतर महागात पडते. सेटिंग्जमधून विंडोज पूर्ण रिसेट करायला लावा, सगळं पुसून. याला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर चहा घेऊन या. परत सुरू झाल्यावरचा सेटअप आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, इंटरनेट जोडूनच करा. दुकानदार इंटरनेटशिवाय पुढे जाऊ म्हणाला तर नको म्हणा. लॅपटॉप अजून जुन्या कंपनीच्या नावे नोंदलेला असेल तर इंटरनेट जोडताच त्या कंपनीचं नाव येतं आणि ऑफिसचा ईमेल मागतात. ऑफलाइन सेटअपमध्ये हे लपून राहतं आणि पुढच्या रिसेटला लॅपटॉप तुमच्या हातात कुलूपबंद होतो. नाव आलं तर दुसरा पीस मागा. नाही आलं तर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा. "डिजिटल लायसन्स" असेल तर ठीक. क्रॅक केलेलं विंडोज बहुधा या रिसेटनंतर उघडं पडतं.

घरी आणल्यावर

आपल्याकडे लाईट जाते, म्हणून बॅटरी हाच यूपीएस. बहुतेक वेळ चार्जर लावून काम करणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. लाईट परत येताना झटका बसतो, तेव्हा स्पाइक गार्ड लावा आणि सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. धातूच्या अंगावर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर बहुधा अर्थिंग नाही. वाय-फायच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. लॅपटॉप चालू आणि नेट बंद, असं मग होत नाही.

जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात लॅपटॉप आठवडाभर बॅगेत बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालवला तर आतल्या उष्णतेनं ओल सुकते. पाणी सांडलं तर आधी बंद करा, चार्जर काढा, उलटा करून ठेवा आणि सुरू करून बघायचा मोह आवरा; हेअर ड्रायरची गरम हवाही नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीजवळ किंवा निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी घर असेल तर वर्षातून दोनदा तरी पंखा साफ करून घ्या.

मराठी आणि कन्नड, दोन्ही एकाच कीबोर्डवर

अर्ज कन्नडमध्ये, घरचं सगळं मराठीत, तेव्हा दोन्ही लिपी लागणारच. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन दोन्ही भाषा जोडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली दुसऱ्या मशीनवर कचरा अक्षरांत दिसतात, म्हणून नवं सगळं युनिकोडमध्येच लिहा.

इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड मांडणी शिकायला पंधरा दिवस लागतात, पण सीमाभागातल्या माणसाला ते दुप्पट फळतात, कारण दोन्ही लिप्यांची मांडणी एकच आहे. मराठी क जिथे, कन्नड क तिथेच, के वर. त दोन्हीकडे एल वर, पाय मोडायचं चिन्ह दोन्हीकडे डी वर. दोन्ही भाषांना लागणारा ळ दोन्हीकडे शिफ्ट धरून एन दाबला की येतो. फक्त मराठीचा एक खटका वेगळा पाठ करावा लागतो: "दुसऱ्या" मधला तो आडवा र. त्यासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग य, म्हणजे उजवीकडच्या शिफ्टशेजारचं स्लॅशचं बटण.